त्रेपन्नाव्या जागेसाठी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र कालच वाचले. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये (NFL) संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत नाव पुकारले गेले नाही याचे दुःख तू लपवले नाहीस, हे मला बरे वाटले. मात्र ‘काही दिवस स्पेशल टीम्समध्ये काढीन, मग सेफ्टीची खरी जागा मिळेल’ हे तुझे वाक्य मनाला लागले; लाथेच्या डावांपुरत्या उतरणाऱ्या या तुकड्यांना तू बचावातल्या सर्वांत मागच्या, म्हणजे सेफ्टीच्या जागेची नुसती पायरी समजतोस. माझी उमेदीची वर्षे विद्यापीठाच्या संघासाठी सामन्यांच्या चित्रफिती कापण्यात गेली. ज्यांनी स्पेशल टीम्सचे काम प्रतीक्षालय मानले, ती मुले पहिल्याच ऑगस्टमध्ये घरी परतलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितो.

संघाच्या पूर्वतयारी शिबिरात, म्हणजे कॅम्पमध्ये, तुम्ही 90 जण असाल. ऑगस्टअखेर त्यांतले 53 उरतील आणि सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त 48 जणांना मैदानात उतरता येईल. पहिल्या तीसेक नावांबद्दल कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो पाचवा सेफ्टी आणि सहावा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) निवडताना, आणि तेव्हा स्पेशल टीम्सचा प्रशिक्षक एकच प्रश्न विचारतो: किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ), किकऑफ रिटर्न (तो चेंडू झेलून परत धावणे), पंट (हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर प्रतिपक्षाकडे धाडणे) आणि पंट रिटर्न या चारांपैकी किती तुकड्यांत हा मुलगा मला उपयोगी पडेल? ‘चारही’ असे उत्तर ज्याच्याबद्दल देता येते, तो टिकतो.

तुला गनर, म्हणजे पंटच्या फळीच्या टोकावरून धावणारा, म्हणून घेतील असे दिसते, तेव्हा पंटचे सांगतो. चेंडूला लाथ बसेपर्यंत फळीच्या दोन टोकांच्या खेळाडूंनाच पुढे धावण्याची मुभा असते, आणि म्हणूनच प्रतिपक्ष त्या प्रत्येकावर पुष्कळदा दोन-दोन माणसे घालतो. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे फेकला गेल्यापासून, लाथेपर्यंत सुमारे दोन सेकंद जातात आणि चांगला पंट त्यानंतर साडेचार सेकंद हवेत राहतो. एवढ्या अवधीत दोघांच्या तावडीतून सुटून, चाळीसेक यार्ड धावून, झेल घेणाऱ्यासमोर तोल सांभाळून उभे राहायचे असते. नुसता वेग येथे पुरत नाही. पहिल्या तीन पावलांत खांदा कसा वळवलास आणि छातीवर आलेला हात कसा झटकलास यावर पुढचे सारे ठरते. रेषेबाहेर ढकलला गेलास तर क्षणही न दवडता आत ये, नाहीतर दंड बसतो. झेल घेणाऱ्याला मोकळी जागा देणेही नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे भरधाव येऊन अखेरच्या पाच यार्डांत पावले आखूड करणे ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट, आणि तिचा सराव फार थोडे जण करतात.

स्टीव्ह टास्करची उदाहरणे तू ऐकली असशील. 1985 साली ह्यूस्टनने त्याला नवव्या फेरीत घेतले (तेव्हा ड्राफ्टला फेऱ्या जास्त असत), पुढच्या वर्षी सोडून दिले, आणि बफेलोने वेव्हर्सवरून, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, उचललेला हा लहान चणीचा माणूस सात वेळा प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, गेला. 1993 च्या त्या सामन्यात तर तोच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तरीही मला तुझ्यासाठी लोरेंझो अलेक्झांडर अधिक जवळचा वाटतो. 2005 मध्ये त्यालाही कोणी ड्राफ्ट केले नव्हते. कॅरोलिना आणि बाल्टिमोर येथे त्याला जम बसवता आला नाही. वॉशिंग्टनमध्ये तो सांगतील त्या जागी खेळला, स्पेशल टीम्सच्या बळावर प्रो बोलपर्यंत पोहोचला, मग ॲरिझोना, ओकलंड अशी गावे बदलत बफेलोला आला आणि 2016 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने साडेबारा सॅक (चेंडू फेकू पाहणाऱ्या प्रतिपक्षाच्या खेळाडूला आधीच पाडणे) नोंदवले. बचावात ती संधी येईपर्यंतची दहा वर्षे त्याने वाट पाहण्यात घालवली असती, तर त्या संधीपर्यंत तो उरलाच नसता.

किकऑफची जुनी चित्रे मात्र मनातून काढून टाक. 2024 पासून किकरखेरीज त्याच्या संघातले दहाही जण प्रतिपक्षाच्या 40 यार्ड रेषेवर उभे राहतात आणि चेंडू जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत हलत नाहीत. दूरवरून धावत येऊन आदळणे संपले. आता थोड्या जागेत समोरच्याचे हात सोडवून टॅकल करावे लागते. तुझ्यासारख्या मजबूत सेफ्टीला हे अनुकूल आहे, असे माझे मत आहे.

आता व्यवहाराचे. पेन्शनसाठी हंगाम मोजला जायला किमान 3 सामने यादीत असावे लागते आणि असे तीन हंगाम भरले की हक्क पक्का होतो. करारातील ज्येष्ठतेसाठी मात्र हंगामात 6 सामने लागतात. हे आकडे स्वतः मोजत जा, एजंटवर सोडू नकोस. अनुभवाबरोबर किमान पगार वाढतो, आणि त्याच कारणाने स्वस्त नवखा मुलगा पुढे तुझी जागा घेऊ शकतो. काही ज्येष्ठांना तर पहिल्या सामन्याआधी सोडून नंतर परत बोलावतात, कारण तोवर यादीत राहिल्यास वर्षाच्या पगाराची हमी द्यावी लागते. असा निरोप आला तर तो हिशेब आहे हे ओळख आणि प्रशिक्षकाशी नीट बोलून निघ. सहा महिन्यांनी दुसऱ्या संघात तोच तुझे नाव सुचवू शकतो. पहिल्या वर्षी घराचा लांब मुदतीचा करार करू नकोस, आणि मंगळवारी कोणत्याही संघाकडून चाचणीचे बोलावणे आले तर त्याच दिवशी विमान पकडता येईल अशी बॅग भरून ठेव.

कॅम्पच्या पहिल्या आठवड्यातल्या तुझ्या पंटच्या फिती पाहायला मिळाल्या तर मला फोन कर. अखेरच्या पाच यार्डांतली तुझी पावले आपण दोघे मिळून मोजू.

तुझा,
काका