‘विमुक्त’ म्हणजे कशातून मुक्त?

प्रश्न असा आहे: ‘भटके-विमुक्त’ हे शब्द कायम जोडीनेच येतात. मग ‘विमुक्त’ म्हणजे मोकळे हिंडणारे, ‘भटके’चाच दुसरा शब्द, असे समजावे का?

नाही. ‘भटके’ राहणी सांगतो. ‘विमुक्त’मागे एक कायदा आहे. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. ज्या जमातीचे नाव अधिसूचनेत आले, तिच्यातले मूल जन्मापासून संशयित. नोंदवहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, परगावी जायचे तर पास. पुढे बोटांचे ठसेही घेतले आणि अनेकांना तारेच्या कुंपणात, ‘सेटलमेंट’मध्ये डांबले. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता आजही लोक लिहितात. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला आणि त्यातून सुटले ते विमुक्त. इंग्रजीतला ‘डीनोटिफाइड’ फक्त अधिसूचना मागे घेतल्याचे सांगतो. मराठी शब्दात माणसे अडकवली होती हेही येते, म्हणून तो मला जास्त खरा वाटतो.

महाराष्ट्रात दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, कंजारभाट हे विमुक्त जातींत. वैदू, गोपाळ भटक्या जमातींत. फासेपारधी तर अनुसूचित जमातीत मोडतात. रामोशी गावाची राखण करणारे, गावातच राहणारे. त्यांना भटके कसे म्हणणार?

कायदा गेला, पण संशय त्याच्या जागी आलेल्या ‘सराईत गुन्हेगार’ कायद्यांच्या आडोशाने राहिला. 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर या विमुक्त तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला सांगितले, की सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा आणि या जमातींचे पुनर्वसन करा. समितीला हा अधिकार 1965 च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे मिळाला. त्या करारात वंश आणि रंगाबरोबर ‘डिसेंट’, म्हणजे जन्माने आलेले कूळ, हाही भेदभावाचा आधार धरला आहे आणि तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. ‘डिसेंट’मध्ये जात मोडत नाही असे भारत सरकार म्हणते. समितीने 2002 मध्ये मोडते असे स्पष्ट केले. मला समितीचे पटते. आईबापांच्या जमातीवरून मुलाला चोर ठरवणे हा जन्मावरून केलेला भेदभाव नाही, तर काय आहे?

तेव्हा लिहिताना ‘गुन्हेगार जमात’ हे शब्द फक्त त्या जुन्या कायद्याचे नाव म्हणून, सालासकट वापरावेत. ‘पूर्वीची गुन्हेगार जमात’ असेही लिहू नये. जमात कधीच गुन्हेगार नव्हती, सरकारने तिला तसे ठरवले होते. आणि चोरीच्या बातमीत आरोपीचे नाव, गाव, कलम पुरते. त्याची जमात लिहायचे कारण नाही.