मस्टँगचा शाफ्ट, ॲल्युमिनियम आणि २४ टक्के व्याज

मिशिगनमधल्या नोव्हायहून एका वाचकाचं पत्र आलंय. २०१३ ची फोर्ड मस्टँग जीटी, सेकंडहँड घेतलेली, ६८ हजार मैल झालेली. ताशी साठ-सत्तर मैलांच्या वेगाला गाडी थरथरते. डीलरकडच्या माणसाने एक फेरी मारून सांगितलं, ड्राइव्हशाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी लांब फिरती नळी) गेलाय, अख्खा बदला, १,२४० डॉलर. मित्रांचं म्हणणं, मूळचा दोन तुकड्यांचा स्टीलचा शाफ्ट काढ आणि एकसंध ॲल्युमिनियमचा टाक. तो मजुरीसकट १,०९० ला पडतो, १८ पौंड वजन कमी होतं आणि चाकांना दहा हॉर्सपॉवर जास्त मिळते. विकणारी साइट बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देते. क्रेडिट कार्डावर ४,२०० डॉलर थकलेत, व्याज २४ टक्के. बचत ६ हजार. पगार ९० हजार, त्यातले ३ टक्के ४०१-के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यात, जातात. कंपनीही ५ टक्क्यांपर्यंत तेवढेच पैसे घालते. मुलगी डे-केअरला आहे. प्रश्न एकच: "घेऊ का?"

आज नको. हप्त्यांवर तर मुळीच नको.

आधी गाडीला नक्की काय झालंय ते कळू द्या. नुसती फेरी मारून हजार-बाराशे डॉलरचं निदान कुणी करत असेल तर मी दुसऱ्याला दाखवेन. साठच्या वेगाला तुमच्या मापाचं टायर मिनिटाला साधारण ७५० वेळा फिरतं. मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या, ३.५५ असेल तर शाफ्ट त्याच वेळी २,६०० च्या वर फिरतो. म्हणून टायरचा दोष स्टिअरिंगला आणि सीटला हेलकाव्यासारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष फरशीतून बारीक गुणगुणल्यासारखा येतो. तुम्ही लिहिलंय, "स्टिअरिंग हातात नाचतं." मला तर ही चाकांचीच तक्रार वाटते. व्हील बॅलन्सिंग करून घ्या, रिम वाकलीय का पाहायला सांगा, मग गाडी लिफ्टवर चढवून शाफ्टचं मधलं बेअरिंग आणि सांधे हाताने हलवून बघायला लावा. हे सगळं शे-दीडशे डॉलरमध्ये होतं. सगळ्यात स्वस्त प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

आता त्या दहा हॉर्सपॉवरबद्दल. शाफ्ट शक्ती निर्माण करत नाही, इंजिनाची पोचवतो. हलका असला तर त्याला फिरवायला थोडा कमी जोर लागतो, एवढंच. शिवाय नळी अरुंद असते, सगळं वजन अक्षाच्या जवळ, त्यामुळे फिरण्यातली बचतही किरकोळ. राहता राहिले १८ पौंड. तुमची गाडी ३,६०० पौंडांच्या आसपास आहे. म्हणजे अर्धा टक्का. एवढं वजन तर डिकी आवरली तरी निघेल. (मुलीची स्ट्रॉलर डिकीतच असते ना?)

एकसंध शाफ्टचा खरा फायदा जास्त ताकदीच्या, जास्त वेगाच्या गाडीत. फोर्डने स्वतः २०१३ च्या ६६२ हॉर्सपॉवरच्या शेल्बी जीटी-५०० ला एकसंध कार्बन फायबरचा शाफ्ट दिला होता. ती गाडी ताशी २०० मैलांच्या वेगासाठी बनवलेली. तुमच्या जीटीला दोन तुकडे आणि मध्ये बेअरिंग आहे, कारण लांब नळी वेगात कमानीसारखी वाकायला बघते, आणि मधला आधार तिला आवरतो. ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं असतं, पण ताठपणाही जवळपास तेवढाच कमी, म्हणून नळी जाड घ्यावी लागते. एकसंध शाफ्ट बसवल्यावर मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा आवाज काही गाड्यांमध्ये जास्त आत येतो. रोज आय-९६ हायवेवरून ऑफिस गाठणाऱ्याने हे आधी ऐकून घ्यावं.

हप्त्यांचं सांगतो, कारण पत्रातली सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे. करारात "डिफर्ड इंटरेस्ट" हे शब्द शोधा. असतील तर बारा महिन्यांत शेवटचा डॉलर फिटला नाही की पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम माथी बसतं. किमान हप्ता भरत राहिलात तर रक्कम वेळेत फिटेलच असं नाही. महिन्याला ९१ डॉलर काढायचेच असतील तर ते कार्डाकडे वळवा. तिथे सध्या महिन्याला ८४ डॉलर नुसतं व्याज जातंय, वर्षाला हजार. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण व्याज असतं.

माझा क्रम असा. बचतीतले अडीच हजार आजच कार्डावर भरा. साडेतीन हजार हाताशी राहतील, शाफ्ट खरंच गेलेला निघाला तर त्यातूनच खर्च करायचा. मग ४०१-के ५ टक्क्यांवर न्या. तुमच्या खिशातून महिन्याला १५० डॉलर जातील, तेही कर कापण्याआधी, आणि कंपनी वर्षाला आणखी १,८०० घालेल. ते आज तुम्ही टेबलावर सोडून येताय. कंपनीचे पैसे किती वर्षांनी पूर्ण तुमचे होतात ते एचआरला विचारा. कार्डाचे उरलेले १,७०० फिटेपर्यंत गाडीच्या हौसेला हात लावायचा नाही.

लिफ्टवर बेअरिंग किंवा सांधा खरोखर सैल निघाला तर मात्र गोष्ट बदलते. तो खर्च मग हौस नव्हे, दुरुस्ती, आणि टाळायचा नाही. वेगात सांधा सुटला तर शाफ्ट रस्त्यावर लोंबकळतो. तेव्हा तुलना १,२४० विरुद्ध १,०९० अशी होते आणि ॲल्युमिनियमचा खुशाल घ्या, फक्त मित्रांनी न सांगितलेल्या गोष्टी धरून हिशोब करा. स्प्रिंग बदलून वगैरे गाडीची उंची कमी केलेली असेल तर मागचा कोन जुळवायला आणखी एक सुटा भाग आणि मजुरी लागू शकते. मग १५० ची बचत संपते. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ असतं, आणि ॲल्युमिनियम जिथे स्टीलला लागतं तिथे मीठ आधी खातं. गाडी जानेवारीतही चालवत असाल तर बोल्टच्या जागा दरवर्षी तपासाव्या लागतील. विमा कंपनीला बदल कळवा, नाहीतर अपघातात नव्या भागाचे पैसे मिळतीलच याची खात्री नाही.

बॅलन्सिंग झाल्यावर थरथर गेली का, ते कळवा.