एफ५ दाबूनही पान ताजे होत नसेल तर
नव्या लॅपटॉपवर एफ५ दाबले की पान रिफ्रेश होण्याऐवजी स्क्रीनचा उजेड कमी होतो, आणि माऊसने रिफ्रेश केले तरी जुनाच मजकूर दिसतो, असे तुम्ही लिहिले आहे. या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

लॅपटॉपवरील वरच्या ओळीतील बटणांना दुहेरी काम असते आणि बहुतेक कंपन्या उजेड-आवाजाचे काम पुढे ठेवतात. त्यामुळे एफएन (Fn) हे बटण धरून एफ५ दाबावे लागते. बऱ्याच मॉडेलांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबल्यास हा क्रम उलटतो, काहींवर मात्र बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तो बदलावा लागतो. माझ्या मते या खटाटोपापेक्षा कंट्रोल-आर अंगवळणी पाडणे सोयीचे, कारण ते ब्राउझरमध्ये आणि विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्येही चालते. मॅकवरील ब्राउझरसाठी कमांड-आर आहे. फाइंडरला, म्हणजे मॅकवर फाइल दाखवणाऱ्या खिडकीला, मात्र असा शॉर्टकटच नाही.

जुना मजकूर दिसण्याचे कारण कॅशे, म्हणजे ब्राउझरने स्वतःजवळ ठेवलेला पानांचा साठा, हे आहे. साध्या रिफ्रेशमध्ये ब्राउझर सर्व्हरला ‘पान बदलले आहे का’ एवढेच विचारतो आणि ३०४ हे उत्तर आले, म्हणजे बदल नाही असे कळले, की स्वतःजवळची प्रत दाखवतो. क्रोम तर मुख्य पानाचीच अशी चौकशी करतो. चित्रे आणि स्टाईलशीट (पानाचे रूप ठरवणारी फाइल) यांची मुदत संपलेली नसेल तर ती न विचारताच साठ्यातून उचलतो, म्हणून मजकूर नवा आणि चित्र जुने असा प्रकार घडतो. अशा वेळी कंट्रोल-शिफ्ट-आर किंवा कंट्रोल-एफ५ वापरावे, म्हणजे साठा बाजूला ठेवून सगळे नव्याने मागवले जाते. कुकीज यात पुसल्या जात नाहीत, त्यामुळे लॉगिन कायम राहते. एवढे करूनही जुनेच दिसत असेल, तर बटण बडवण्यात अर्थ नाही; बदल सर्व्हरकडूनच आलेला नसतो. पैसे भरण्याच्या पानावर मात्र रिफ्रेश करूच नये, आणि ब्राउझरने फॉर्म पुन्हा पाठवायचा का असे विचारल्यास रद्द करावे.

फाइल एक्सप्लोररमध्ये एफ५ फोल्डरची यादी पुन्हा वाचते, इतकेच. आपल्या डिस्कवरील बदल विंडोजला आपोआप कळतात. नेटवर्कवरील सामाईक फोल्डरबाबत ही सूचना कधीकधी पोहोचत नाही, आणि स्कॅनरने नुकतीच टाकलेली पीडीएफ समोरच्या यादीत दिसत नाही. तिथे एफ५ खरोखर उपयोगी पडते. लॅपटॉप सुरू होताच डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाचदा रिफ्रेश करण्याची आपल्याकडे सार्वत्रिक सवय आहे. त्याने फक्त आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, मेमरी मोकळी होत नाही.

बटण दाबण्याआधी समोर कोणती खिडकी उघडी आहे ते पाहावे, कारण एफ५ने नोटपॅडमध्ये तारीख-वेळ उमटते, पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू होतो आणि एक्सेलमध्ये ‘गो टू’ची चौकट उघडते, एक्सेलमध्ये बाहेरून जोडलेला डेटा ताजा करायचा असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ५ दाबावे.