माजी सैनिक असलेले वडील गेले. आईच्या पेन्शनचं काम कधी आणि कुठून सुरू करावं? काका म्हणतात, एवढी घाई कशाला

आजच सुरू करा.

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन तीन आठवडे झाले, आई कुणाशी धड बोलत नाही, तिच्यापुढे फॉर्म धरायची तुम्हाला लाज वाटते आणि काका म्हणतात, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. काकांचं हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. आमच्याकडे ते मोठ्या भावजींनी म्हटलं होतं. मी मान खाली घालून ते मानलं आणि चौदा महिने घालवले.

माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. १९८४ ला भरती झाले, चोवीस वर्षं नोकरी केली आणि २००८ ला पेन्शन घेऊन गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या गावी परतले. काजूचं भाट, थोडं कुळागर, आणि वाड्यावर कुणाचाही सरकारी कागद आला की तो वाचायला आमच्याच पडवीत. २०१८ च्या जुलैत, भर पावसात, छातीत कळ आली म्हणाले. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय ५३. मुलगी बारावीला.

त्या वर्षी चवथीला आमच्या घरात गणपतीवर फळांची माटोळी बांधली नाही. मी आतल्या खोलीत आणि बाहेरचं सगळं भावजी बघत होते. दिवसकार्याच्या खर्चाला म्हणून ह्यांचं एटीएम कार्ड त्यांनी मागून घेतलं. पिन माझ्या मुलीनेच सांगितला, तिला तरी काय कळत होतं. बँकेला मात्र माणूस गेल्याचं कुणी कळवलंच नाही, त्यामुळे पेन्शन दर महिन्याला खात्यात पडत राहिली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. घरात सगळे म्हणायचे, बघ, पेन्शन चालूच आहे, तुला कसली चिंता. नोव्हेंबरात हयातीचा दाखला गेला नाही आणि पैसे यायचे थांबले. तोपर्यंत आलेले सगळे काढून झाले होते.

मग मी डिसेंबरात पहिल्यांदा बँकेत गेले. कोणती बँक ते सांगत नाही. काउंटरवरच्या माणसाने पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, उघडला, माझं आधार कार्ड शेजारी धरलं आणि विचारलं, "ह्यात नाव आहे ती बाई कुठे आहे?"

मी म्हटलं, मीच ती. त्याने मान हलवली आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. मी अकरावी पास आहे. मी पेन मागून घेतलं आणि सही केली. पण अर्ज काही त्याने घेतला नाही.

भानगड अशी होती. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरी माझं नाव फुलाचं, सासरी देवीचं. पण गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवायचं असतं आणि तिथे माझं जन्मदाखल्यावरचं, म्हणजे माहेरचं नाव लागलं. ह्यांनी त्याच दाखल्यावरून पलटणीत लग्नाची नोंद केली, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या नोंदीचा लष्करी हुकूम, निघाली आणि पुढे पीपीओवर तेच नाव चढलं. इकडे रेशन कार्डावर, मतदार यादीत, आधारवर, बँकेत सासरचं नाव. हे होते तोवर दोन्ही नावं एका घरात सुखाने नांदली.

भावजी त्या दिवशी बरोबर होते. घरी येऊन त्यांनी ओसरीवर सांगितलं, "पेन्शनीवर दुसऱ्याच बाईचं नाव निघालं." आठ दिवसांत ते वाडाभर झालं. आईबापांनी ठेवलेलं माझं नाव, आणि वाड्यावर त्या नावाची बाई माझी सवत झाली. भावजींना खरं काय ते ठाऊक होतं. माझ्या लग्नात तांदळात नाव लिहिलं तेव्हा ते शेजारी उभे होते. ते गप्प राहिले, ह्याचा मला आजही राग आहे.

ह्याच दिवसांत त्यांनी दुसरं एक काढलं. पेन्शनला वारसाचे कागद लागतात, म्हणून आधी इन्व्हेंटारी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कारवाई, करून घराचे वाटे करू, तू इथे सह्या कर. कागद मुलीने वाचले म्हणून सही राहिली. तुमच्या घरीही कुणी असं बोललं तर नीट ऐका: कुटुंब पेन्शन ही इस्टेटीतली वस्तू नाही. ती पात्र बायकोला तिच्या हक्काने मिळते. तिच्यासाठी इन्व्हेंटारी लागत नाही आणि दिरांची ना-हरकतही लागत नाही. घर, भाट, ठेवी ह्यांचं काम वेगळं. ते २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने विशेष नोटरीसमोर होतं किंवा कोर्टात जातं. आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या गोव्यात सामाईक मालमत्तेतली अर्धी बाजू मुळात बायकोचीच असते. हे दोन गठ्ठे एकत्र बांधू देऊ नका.

मी स्वतःहून बाहेर पडले तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. वर्ष व्हायच्या आत घराबाहेर पडले म्हणून भावजी मला अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "भावाची राख निवली नाही आणि ही पैसे मोजायला निघाली." त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. उत्तर पणजीला सैनिक कल्याण खात्यात मिळालं. तिथे एक वयस्क गृहस्थ होते, स्वतः माजी सैनिक. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, रडू दिलं आणि मग सांगितलं की १९८२ च्या १७ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात म्हटलंय, पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, आधी केलेल्या चाकरीचा तो मोबदला आहे. म्हणून तर १७ डिसेंबर पेन्शनरांचा दिवस म्हणून पाळतात. "वहिनी, तुमच्या नवऱ्याने चोवीस वर्षं बर्फात नि वाळूत काढून हे कमावलंय. ते आणायला जाणं म्हणजे त्याचंच राहिलेलं काम करणं." मग म्हणाले, घरी जा आणि काळी पेटी उघडा.

फौजी माणसाच्या घरात ती असतेच, तुमच्याकडेही असेल. लोखंडी, काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आमची मी सात महिने उघडली नव्हती. झाकण वर केलं तेव्हा डांबरगोळ्यांचा आणि बुटाच्या पॉलिशचा वास आला. खाली घडी घातलेली जर्सी, तिच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं लावून ठेवलेलं: डिस्चार्ज बुक, पीपीओ, लग्नाच्या नोंदीची प्रत, ग्रुप इन्शुरन्सच्या निवृत्तीनंतरच्या विम्याचं सर्टिफिकेट. त्या विम्याचं मला माहीतच नव्हतं. पेटी उघडली नसती तर तो पैसा तसाच राहिला असता.

मग बेळगाव, ह्यांच्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस तिथे. साखळीहून चोर्ला घाटाने बस जाते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी तो घाट मी एकटीने कधी ओलांडला नव्हता. मुलगी म्हणाली मी येते, पण तिची परीक्षा होती. पोटात ढवळत होतं, घाटाचं की भीतीचं कोण जाणे. रेकॉर्ड ऑफिसमधल्या क्लार्कने नंबर विचारला. नवऱ्याचा आर्मी नंबर मला तोंडपाठ, पत्रांवर लिहून लिहून. त्याने फाइल आणली, पानं उलटली आणि थांबला. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लावतात, तो होता. २००८ साली बेळगावातच एका स्टुडिओत काढलेला. हे ताठ बसलेले, मी डोक्यावर पदर घेतलेली, कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून ह्यांच्याकडे बघतेय. खाली ह्यांच्या अक्षरात माझं माहेरचं नाव.

क्लार्कने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे तुम्हीच की."

घरात बाराव्याला मला रडू आलं नव्हतं. ते तिथे आलं, फाइलींच्या रॅकपाशी. तो मुलगा उठून बाहेर गेला आणि चहा घेऊन आला. म्हणून म्हणते, आईला ह्या कामातून वगळू नका. तिच्यापासून कागद लपवणं म्हणजे तिला जपणं, असं तुम्हाला वाटत असेल. मला तसंच जपलं होतं. आतल्या खोलीत सात महिने मी नुसती जपली जात होते.

पुढचं काम रीतसर झालं. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, आधार-पॅनच्या प्रती, हे सगळं रेकॉर्ड ऑफिसमार्फत पेन्शन कार्यालयाला, आणि तिथून दुरुस्तीचा पीपीओ. २०१९ च्या सप्टेंबरात पेन्शन सुरू झाली. ह्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकी आली, पण त्यातून आधी काढलेली सगळी रक्कम बँकेने कापून घेतली. काढली भावजींनी, भरली मी. बँकेचं चुकलं नाही, पेन्शनर गेल्यानंतरचे पैसे परत जाणारच.

आता तुमचं. तुमचे वडील २०२१ नंतरच्या व्यवस्थेत असणार, म्हणजे स्पर्श ह्या सैन्याच्या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर. आमच्या वेळची बँकेतली धावपळ तुम्हाला तेवढी पडणार नाही. मृत्यूची खबर आणि कुटुंब पेन्शनची मागणी तिथेच जाते. स्वतः जमत नसेल तर जवळच्या स्पर्श सेवा केंद्रात जा. पण त्याआधी पीपीओवरचं आईचं नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारशी अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक असेल तर तोच आधी मिटवायचा. मृत्यूदाखल्याच्या भरपूर प्रती काढा. ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेला, कळवा, आईचा उपचाराचा हक्क वडिलांबरोबर जात नाही.

रकमेबद्दल कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून सांगते. निवृत्त माणूस गेला की पहिली सात वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, ह्यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. नंतर ३० टक्के, पण ९,००० रुपयांच्या खाली नाही. त्यावर महागाई भत्ता. माझी सात वर्षं २०२५ च्या जुलैत पुरी झाली आणि शंभराच्या जागी साठ रुपये यायला लागले. मला आधी माहीत होतं म्हणून मुलीच्या लग्नाचं कर्ज मी त्या हिशेबाने घेतलं. तुमचे वडील ६७ च्या पुढचे असतील तर आईला पहिल्यापासून ३० टक्केच, तेव्हा घरखर्च त्यावर बेता. वडिलांना अपंगत्व पेन्शन होती आणि त्याच आजाराने गेले असतील तर विशेष कुटुंब पेन्शनचं, म्हणजे ६० टक्क्यांचं, रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा. ते आपणहून कुणी देत नाही.

एक राहिलं. मी वर 'आजच' लिहिलं ते माझ्या अनुभवातून. आई अगदीच खचली असेल तर पंधरा दिवसांनी काही बुडत नाही, कुटुंब पेन्शनची थकबाकी मागील तारखेपासून मिळते. आणि तुमचे काका माझ्या भावजींसारखे असतील असं नाही. कदाचित त्यांना खरंच वहिनीची दया येत असेल. तसं असेल तर त्यांना रांगेत उभं राहू द्या, झेरॉक्स काढू द्या, गाडी चालवू द्या. सही आईची आणि फाइल आईच्या हातात.

पण वडिलांचं एटीएम कार्ड मात्र आज संध्याकाळच्या आत कुणाकडे आहे ते बघा, आणि काढून घेऊन पेटीत ठेवा.