"रिझ्युमेत लिहायला माझ्याकडे काहीच नाही"

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. गुण बरे असतात, हजेरी नीट असते, तरी अर्ज भरायला बसलं की हात थांबतो.

संख्याशास्त्राची एक विद्यार्थिनी अशीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरचे, मैत्रिणी, सगळे तिला "तू करशील गं" म्हणत, आणि त्याने तिची धास्ती वाढतच होती. "त्यांना उगाच माझी खात्री वाटते, मॅडम," ती म्हणाली.

मी तिला धीर दिला नाही. हे मी जाणीवपूर्वक टाळते. 'आपल्याला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केली. त्यांच्या मते स्वतः पार पाडलेलं काम हा त्याचा सर्वांत भक्कम आधार; इतरांचं प्रोत्साहन त्यापुढे तोकडं पडतं. माझं काम याच विचारावर उभं आहे. म्हणून विचारलं, "गेल्या वर्षभरात तुझ्यामुळे कुणाचं काही अडायचं राहिलं का?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तसं काही नाही. सर्व्हेचा प्रोजेक्ट आम्ही वेळेत दिला, एवढंच."

"त्यात तू काय केलंस?"

"आम्ही सगळ्यांनीच मिळून..."

"तू?"

मग हळूहळू बाहेर आलं. माहिती चौघांनी गोळा केली होती. कुणी वय लिहिलं होतं, कुणी जन्मसाल. उत्तर नसेल तिथे कुणी शून्य टाकलं, कुणी रकाना रिकामा सोडला. सरासरी भलतीच येत होती. हिने प्रत्येक नोंद मूळ फॉर्मशी ताडून पाहिली आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याचा पानभर तक्ता केला. पुढच्या वर्षीच्या मुलांनी तोच वापरला.

"सरासरी चुकतेय हे कशावरून कळलं?" या प्रश्नानंतर मला काही विचारावंच लागलं नाही. शून्य आणि 'माहिती नाही' यांत केवढा फरक आहे, हे ती कागदावर आकडे मांडून मला शिकवत होती. आवाज बदलला होता. मध्येच थबकून म्हणाली, "पण हे काम थोडंच आहे? कुणीतरी करायलाच हवं होतं."

"अगं, कुणीतरी करायलाच हवं असतं, त्याचाच तर पगार मिळतो."

ती हसली, आणि कागद परत स्वतःकडे ओढून लिहू लागली.

इतक्या वर्षांत मला उमगलेलं हेच आहे : ज्या कामाला गुण मिळाले नाहीत, ते मुलं मोजतच नाहीत. बालवर्गापासून दुसऱ्याने तपासलेलंच खरं मानायची सवय लागलेली असते.

तिच्या रिझ्युमेतून 'मेहनती' आणि 'संघभावना' हे शब्द गेले. त्या जागी दोन ओळी आल्या : अडचण काय होती, तिने काय केलं, पुढे त्याचं काय झालं. मुलाखतीतही याच क्रमाने बोला, आणि गटाचं काम सांगताना आपला वाटा वेगळा सांगा. त्यात बढाई नाही. समोरच्याला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

ओळखीपाळखीचा संकोचही सोडा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण त्यांचा वावर आपल्या वर्तुळाबाहेर असतो. दोन वर्षं पुढे असलेल्या सीनियरला "जागा आहे का?" असं एकदम विचारू नका. "तुमचा कामाचा दिवस कसा जातो?" असं विचारा. माणसं भरभरून बोलतात.

आणि खरंच काही सापडलं नाही, तर महिन्याभरात संपेल असं एक छोटं काम अंगावर घ्या. अट एकच : त्याची वाट पाहणारं दुसरं कुणीतरी असलं पाहिजे. विभागाच्या कार्यक्रमाची नोंदणी, प्रयोगशाळेतल्या साहित्याची यादी, काहीही चालेल. संपलं की त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तपशील आठवत नाहीत.