जुडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ ऐकण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा हा अल्बम कसा आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या मंडळींच्या मेटलमध्ये खरंच दम उरलाय की जुन्या नावावर खपवताहेत. दम आहे. खपवाखपवीची दोन-तीन गाणीही आहेत, त्यांचं पुढे सांगतो.

८ मार्च २०२४ ला अल्बम आला तेव्हा गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता. पहिलंच गाणं ‘पॅनिक अटॅक’ लावा. सुरुवातीला सिंथ-गिटारचा (सिंथेसायझरला जोडलेल्या गिटारचा) जो आवाज येतो तो थेट १९८६ च्या ‘टर्बो’मधला वाटतो. त्या अल्बमवरून चाहत्यांत अजून जुंपते, त्यामुळे मला ती मुद्दाम काढलेली खोडी वाटली! मग गाणं सुटतं आणि हॅलफर्ड वर चढतो. ‘पेनकिलर’च्या वेळची, म्हणजे १९९० ची धार आता नाही, वरचा सूर खरखरीत लागतो, त्याला आवाजाचे थर देऊन भर घातलीय हेही कळतं. पण शब्द फेकण्याची जरब तीच आहे.

खरी मजा मात्र गिटारची. शीर्षकगीत सहा मिनिटांवर जातं आणि त्याच्या उत्तरार्धात दोन गिटारचे सवाल-जवाब चालतात. एक हेडफोन काढून ऐकून बघा, अर्धं संभाषण गायब होतं. यातला एक गिटारवादक ग्लेन टिप्टन पार्किन्सन्सच्या आजारामुळे २०१८ पासून पूर्ण दौरा करत नाही. मंचावर त्याच्या जागी अल्बमचा निर्माता अँडी स्नीपच उभा राहतो. पण गाणी रचण्यात टिप्टन आहे, अल्बमवर वाजवतोही. दुसरा रिची फॉकनर, २०११ मध्ये बँडात आलेला. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या मंचावर ‘पेनकिलर’ हे गाणं वाजवतानाच त्याची महाधमनी फाटली. पठ्ठ्याने गाणं पुरं केलं, मग दहा तासांहून जास्त चाललेल्या शस्त्रक्रियेतून वाचला. या अल्बमभर तो ज्या ईर्षेने वाजवतो ते ऐकून ‘चार जुन्या खेळाडूंसोबतचा नवा पोरगा’ हे त्याचं बिरूद आता काढून टाकायला हवं.

सगळे वेगवान गाण्यांचं कौतुक करतात. मला विचाराल तर अल्बमचा जीव ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’मध्ये आहे. मध्यम लय, साधी चाल, आणि हॅलफर्ड इथे किंचाळत नाही, नीट गातो. श्रद्धा आणि प्रेमाबद्दल हा माणूस इतकं उघड क्वचितच गायलाय. शेवटचं ‘जायंट्स इन द स्काय’ ‘मोटरहेड’ बँडचा लेमी आणि गायक रॉनी जेम्स डिओ यांच्यासारख्या मेटलमधल्या दिवंगत साथीदारांसाठी आहे. मधेच सगळा गोंगाट थांबून अकूस्टिक गिटार येते, तिथे मी दर वेळी आवाज वाढवतो.

आता तक्रारी. स्कॉट ट्रॅव्हिससारखा ढोलिया असताना ड्रम्स इतके घासूनपुसून, टकटक का ऐकू यावेत? सगळीच वाद्यं सतत अंगावर येतात, चार-पाच गाण्यांनंतर कान थकतात. ‘एस्केप फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ रेंगाळतं. ‘सन्स ऑफ थंडर’ म्हणजे मोटारसायकलवाल्यांसाठीचं ठरलेलं गाणं. तीन मिनिटांच्या आत संपतं हीच त्याची जमेची बाजू.

२०१८ च्या ‘फायरपॉवर’शी तुलना होणारच. तो जास्त बांधेसूद होता, हा जास्त अंगात आलेला आहे. मी हा निवडेन, तुमचं मत वेगळं असू शकतं. ऐकताना शक्यतो तीन जादा गाण्यांची आवृत्तीच घ्या. त्यातलं ‘द लॉजर’ बॉब हॅलिगन ज्युनिअरचं आहे. ऐंशीच्या दशकात प्रीस्टला ‘सम हेड्स आर गॉना रोल’ देणारा तोच. मूळ अकरात ते का नाही घेतलं, कळत नाही.