गावात न जाता प्रकल्पप्रमुख कसे व्हावे?

पत्र (संक्षिप्त): मी सांगली जिल्ह्यात एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. मुलगी यंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, गुण उत्तम आहेत. पर्यावरण संवर्धनाच्या मोठ्या प्रकल्पांचे नेतृत्व करायचे, असे तिने ठरवले आहे आणि आमची त्याला ना नाही. गेल्या सुट्टीत ती जुन्नर भागात एका संस्थेबरोबर बिबट्यांविषयीच्या सर्वेक्षणासाठी गेली होती. आता त्याच संस्थेने तिला वर्षभरासाठी क्षेत्र सहायक म्हणून महिना 18 हजार रुपये मानधनावर बोलावले. गोठ्यागोठ्यांतून हिंडण्याचे हे काम शिकलेल्या मुलीला शोभणारे नाही, म्हणून मी स्वतः फोन करून नकार कळवला. भारतीय वनसेवेत गेली तर सोन्याहून पिवळे. तीन वर्षांत जमले नाही, तर स्थळे पाहण्यास सुरुवात करू. पर्यावरण व्यवस्थापनात एमबीए करून थेट प्रकल्पप्रमुख होता येईल का आणि त्यासाठी कोणती संस्था चांगली, ते कळवावे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण जे विचारले आहे त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे पुढे देतो. मात्र पत्र वाचताना मी अडलो तो आपण केलेल्या फोनपाशी. सज्ञान, पदवीधर मुलीला स्वतःच्या कामावर मिळालेली पहिली नोकरी तिच्या वडिलांनी परस्पर नाकारली आणि ही गोष्ट आपण अगदी सहज, जणू गॅसचे बुकिंग रद्द करावे तशी लिहिली आहे. आपल्या चार पानी पत्रात संस्था, मानधन, परीक्षा, स्थळे असे सगळे आहे. त्या वर्षाविषयी मुलीचे काय म्हणणे होते, हे मात्र कोठेही नाही. उद्या हीच मुलगी संतापलेला शेतकरी, वनपाल, सरपंच आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी यांच्यामध्ये बसून मार्ग काढील, अशी आपली अपेक्षा आहे. पण स्वतःच्या नोकरीला होकार द्यायचा की नकार, एवढे बोलणेही तिच्यावर सोपवायला आपण तयार नाही. या दोन्ही गोष्टी एका घरात फार काळ एकत्र नांदत नाहीत.

तीन वर्षांच्या मुदतीबद्दलही स्पष्ट लिहितो. ही मुदत आपण परीक्षेला घातलेली नाही, मुलीला घातली आहे. स्थळाची टांगती तलवार डोक्यावर असताना अभ्यासाला बसलेली अनेक मुले-मुली मी पाहिली आहेत. ती परीक्षेची तयारी कमी आणि नापास झाल्यावर घरात काय होईल याची तयारी जास्त करतात. लग्नाचा विचार करू नये असे मी म्हणत नाही. तो अपयशाची शिक्षा म्हणून मांडू नये, इतकेच म्हणणे आहे.

आता त्या ‘न शोभणाऱ्या’ कामाविषयी. क्षेत्रकाम ही खालची पायरी आहे, ती हुशार मुलाने एमबीएच्या जोरावर ओलांडून जावी, हा समज मला फार पालकांत दिसतो. आपली मुलगी जेथे जाणार होती त्या जुन्नर परिसराचाच इतिहास पाहावा. या शतकाच्या सुरुवातीला तेथे बिबटे पिंजऱ्यात पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडले जात होते. कागदावर हा उपाय निर्दोष दिसतो: जनावर जंगलातले, तर त्याला जंगलात सोडावे. प्रत्यक्षात, जेथे बिबटे सोडले त्या भागांत माणसांवरील हल्ले वाढले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. पुढे अकोले तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात, जेथे जंगल असे नाहीच, तेथे 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे राहतात हे त्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. बिबट्या वाट चुकून गावात येतो, ही समजूतच त्यामुळे डळमळीत झाली. हे ज्ञान मुख्यालयात बसून मिळालेले नाही. ते बांधाबांधाने हिंडून आणि शेतकऱ्यांशी बोलून मिळाले आहे. मुंबईत 2011 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती वनविभागाने लोकसहभागाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा हेच काम शहराच्या उपयोगी पडले. वनकर्मचारी, पोलीस, वस्त्यांतील रहिवासी आणि पत्रकार यांना एका ठिकाणी आणून ‘बिबट्या दिसला म्हणजे पिंजरा लावा’ ही मागणी मागे कशी घ्यावी, हे तेथे शिकवले गेले.

गोठ्यात नेमके काय शिकायला मिळते, हेही आपल्याला ठाऊक असावे. पहाटे शेळी मारलेली आढळते. पंचनामा होईपर्यंत ती जागेवरून हलवायची नाही, असा नियम आहे. इकडे घरात लहान मुले आहेत, वास सुटू लागला आहे, वनरक्षक दुसऱ्या गावात अडकला आहे आणि घरमालकाला भरपाईच्या अर्जाला कोणती कागदपत्रे जोडायची याची कल्पना नाही. क्षेत्र सहायक तेथे बसते, फोन लावते, कागद गोळा करते आणि निघताना गोठ्याच्या दाराची खालची फळी निखळली आहे, ही गोष्ट घरच्या बाईच्या लक्षात आणून देते. भरपाई वेळेवर मिळाली, तर ते घर पुढच्या वेळी मेलेल्या शेळीत विष घालत नाही. संवर्धनाचा कार्यक्रम असाच एकेका घरात टिकतो किंवा बुडतो.

ऊसतोडीच्या हंगामातला प्रसंग तर याहून अवघड असतो. फड तोडताना बिबट्याची पिल्ले सापडतात, मजूर कोयते टाकून बांधावर येतात, मुकादमाला गाडी भरायची घाई असते आणि शेतमालकाला ती पिल्ले तातडीने हलवून हवी असतात. ती हलवली, तर मादी त्यांच्या शोधात आसपास फिरत राहते आणि धोका वाढतो. म्हणून पशुवैद्याने तपासल्यावर पिल्ले रात्री त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, माणसे मागे हटवायची आणि मादी त्यांना घेऊन जाईल याची वाट पाहायची, ही पद्धत जुन्नर भागात वनविभागाने अनेकदा यशस्वीपणे वापरली आहे. एवढ्या सगळ्या माणसांना त्या रात्रीपुरते थांबायला कोण तयार करते? आपण ज्याला नेतृत्व म्हणता ते हेच आहे आणि ज्याला गाव ओळखत नाही त्याच्या शब्दावर कोणी फड सोडत नाही.

आसामातील पूर्णिमा देवी बर्मन यांचे उदाहरण मुलीला अवश्य सांगावे. त्या प्राणिशास्त्राच्याच अभ्यासक. दादरा गावात हरगिला या दुर्मीळ करकोच्याची घरटी असलेले झाड तोडले गेल्याचे त्यांनी पाहिले आणि पीएच.डी. बाजूला ठेवून त्या गावातील बायकांमध्ये काम सुरू केले. घाणेरडा, अपशकुनी म्हणून हाकलल्या जाणाऱ्या त्या पक्ष्याची डोहाळजेवणे होऊ लागली, त्याची नक्षी हातमागावरील वस्त्रांवर आली आणि हजारो स्त्रियांची ‘हरगिला आर्मी’ उभी राहिली. पीएच.डी. त्यांनी पुढे पूर्ण केली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मानही त्यांना मिळाला. ‘एवढी शिकलेली बाई झाडांखाली काय करते’, असे तेव्हा कोणी म्हटले असेलच.

एमबीएचे म्हणाल, तर भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था ही या विषयातील नावाजलेली संस्था आहे आणि अंदाजपत्रक, देणगीदारांचे अहवाल, माणसांची नेमणूक ही कौशल्ये प्रकल्पप्रमुखाला लागतातच. परंतु तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी प्रकल्पात अधिकारी म्हणून लागतो, प्रमुख म्हणून नव्हे. प्रमुखपदाच्या जाहिरातीत पदवीच्या खाली अनुभवाच्या वर्षांची जी अट असते, ती कृपया एकदा वाचावी. आधी क्षेत्रात दोन-तीन वर्षे घालवून मग व्यवस्थापन शिकलेल्या माणसाला त्या शिक्षणाचे चीज करता येते; उलट क्रमाने गेलेला माणूस बहुधा शहरातच अडकतो. वन्यजीवशास्त्राकडे जायचे असेल, तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत; तेथील जागा थोड्या असतात आणि मुलाखतीत प्रत्यक्ष कामाविषयी बोलता आले, तर त्याचा उपयोग होतो.

वनसेवेविषयी आपल्याला बरीच माहिती आहे असे दिसते, म्हणून थोडक्यात लिहितो. प्राणिशास्त्राची पदवी चालते, पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर सामाईक असते, मुख्य परीक्षा स्वतंत्र असते आणि राज्यात लोकसेवा आयोगामार्फत सहायक वनसंरक्षक व वनक्षेत्रपाल या पदांसाठी वेगळी परीक्षा होते. एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. भारतीय वनसेवेच्या शारीरिक चाचणीत स्त्री उमेदवारांना 4 तासांत 14 किलोमीटर आणि पुरुषांना 25 किलोमीटर चालून दाखवावे लागते. ज्या हिंडण्यापासून मुलीला वाचवण्यासाठी आपण ही नोकरी सुचवता, ते हिंडणे या नोकरीच्या दारातच आहे; आणि वनाधिकारी झाली तरी मेलेल्या शेळीपाशी तिला उभे राहावेच लागेल, फरक इतकाच की तेव्हा लोक तिच्यावर ओरडतील.

पैशांबाबत आपली काळजी रास्त आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. संस्थांमधील बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या मुदतीइतक्या असतात. निधी दोन-तीन वर्षांचा येतो, तो संपला की माणसेही बदलतात. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि पर्यावरण हा त्यातील मान्य विषय आहे, त्यामुळे निधी वाढला. परंतु तो बऱ्याचदा वृक्षारोपणासारख्या छायाचित्रात दिसणाऱ्या कामांकडे जातो, गोठ्याच्या फळीकडे नाही. सरकारी नोकरीतील निश्चिती येथे नाही. हे मुलीला ठाऊक असावे आणि ठाऊक असूनही ती जाणार असेल, तर तिला अडवण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा आपली काळजी नकारात खर्ची घालण्यापेक्षा प्रश्नांत घालावी, आणि ते प्रश्न मुलीने संस्थेला विचारावेत. संस्थेशी बोलायचे की नाही, हेही तिलाच ठरवू द्यावे; जागा अद्याप रिकामी असेल, तर पुढचे बोलणे तिने स्वतःच करावे. नेमणुकीचे पत्र लेखी मिळणार का? राहण्याची सोय कोठे आणि कोणाबरोबर? अपघात विमा कोणाच्या खर्चाने? दुचाकी व पेट्रोल मानधनातून की वेगळे? अंधार पडल्यावर एकटीने फिरू नये, असा नियम आहे का आणि तो पाळला जातो का? दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर लैंगिक छळाविरोधातील कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती आहे का? या प्रश्नांना नीट उत्तरे न देणाऱ्या संस्थेत मी माझ्या विद्यार्थिनीला पाठवणार नाही, मग त्यांचे काम कितीही थोर असो. उत्तरे नीट मिळाली, तर 18 हजारांत हे वर्ष महाग नाही. परीक्षेच्या शिकवणीला आपण याहून अधिक मोजाल.

वर्षाच्या अखेरीस तिला वनसेवेचा अर्ज भरावासा वाटला, तर अवश्य भरावा. प्राणिशास्त्र आणि वनशास्त्र हे दोन वैकल्पिक विषय तिला एकत्र घेता येतात. प्राणिशास्त्र तिचे झालेले आहे. वनशास्त्राची पुस्तके तिने जुन्नरला बरोबर नेली, तरी संध्याकाळी वाचायला वेळ मिळेल.